कौसल्याअक्कांचा डावा कान

हुबळीजवळच्या मळमड्डीतल्या आमच्या गल्लीचा गिरणीवाला शंकर एका गिऱ्हाइकापुढे अगदी हात टेकायचा. कौसल्याअक्का आठवड्यातून चारदा ज्वारीचा डबा घेऊन यायच्या आणि घरात खाणारं तोंड एकच. बरं, दळण झालं तरी उठायचं नाव नाही. पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर, पट्ट्याच्या खडखडाटात, डोळे मिटून बसायच्या. "टीचर, हिट्टु आतु री," पीठ झालं म्हणून शंकर ओरडून सांगायचा, तर म्हणायच्या, "असू दे रे, दुसऱ्यांचं घाल आता. मी बसते जरा. इथं शांत वाटतं."

गिरणीत शांत वाटणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही.

मी मीनाक्षी. अक्कांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायची आणि त्यांच्याच मराठी शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायची. माझे यजमान बेलूरच्या कारखान्यात, पाळीप्रमाणे कधी घरी, कधी नाही. त्यामुळे माझा निम्मा वेळ अक्कांच्या ओट्यावर जायचा. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा रुक्मिणीआत्यांनी, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, त्यांना आणि धाकट्या भावाला, श्रीहरीला, वाढवलं. श्रीहरी पुढे नोकरीसाठी सांगलीला गेला आणि इथे राहिल्या आत्या-भाची.

माझा स्वभाव तिखट. देव मानते, पण देवाच्या नावावर कुणी काहीही खपवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं मी सांगतेय म्हणून तरी ऐका.

रुक्मिणीआत्यांच्या डाव्या कानात आवाज यायचा. मी पाहायला लागल्यापासून त्यांच्या कानात तिळाच्या तेलाचा बोळा असायचा. "रातकिडा शिरलाय," म्हणायच्या. आम्ही हसायचो. चाळीस वर्षं जगणारा रातकिडा कुठला, असं मी एकदा तोंडावरच विचारलं होतं. आत्या हसल्या नाहीत. "तुझ्या कानात नाही ना, मग हस की," म्हणाल्या.

पंच्याण्णव सालच्या श्रावणात त्या गेल्या. सकाळचे दहा वाजले असतील. मी चमच्याने पाणी घालत होते. दोन दिवसांपासून त्या कुणाला ओळखत नव्हत्या. एकदम डोळे उघडून अक्कांना म्हणाल्या, "बाळ जागं आहे का? नाव ठेवायचं राहिलंय." अक्कांचं बारसं त्यांनीच केलेलं, पन्नास वर्षांपूर्वी. मन तिथं कुठं तरी भरकटलं असावं. त्यांनी खूण केली, तशा अक्का वाकल्या. आत्यांनी अक्कांच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाल्या, "कुर्रर्र."

बारशात आत्या बाळाच्या कानात म्हणते ना, तसं. आधी कुर्रर्र आणि मग नाव. नाव आलं नाही. आत्या उशीवर मागे टेकल्या. चेहरा पुसून काढल्यासारखा मोकळा झाला. "किती शांत झालं गं," म्हणाल्या, आणि पाव तासात संपल्या.

तेराव्याची पानं उठत होती, तेव्हा अक्कांनी पहिल्यांदा डाव्या कानावर तळवा ठेवला.

पुढची दीड वर्षं मी बघत होते. वर्गात हजेरी घेताना डाव्या बाजूच्या मुलींचं "हजर" त्यांना ऐकू येईना, म्हणून टेबल डावीकडच्या भिंतीला लावून घेतलं. सगळा वर्ग उजवीकडे आला. घरी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवायच्या, नुसती खरखर. नळ थोडा उघडा सोडायच्या, मग मी जाऊन बंद करायची आणि आमचं भांडण व्हायचं. आणि गिरणी. मोठ्या आवाजात छोटा आवाज बुडतो, एवढं साधं ते गणित.

शेवटी मीच त्यांना धरून हुबळीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानाशी धरला, मागच्या हाडावर टेकवला, कागदावर काही रेघा ओढल्या. कानाची नस दमली आहे, म्हणाले. औषध नाही. "रूढी आगतदरी टीचर, सवय होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा आवाज त्यांचा त्यांनाच येतो. बाहेर कुणाला ऐकू येणार नाही. बाहेर काही नसतंच."

परतताना रायापूरपाशी ट्रकांच्या गर्दीत बस अडकली. सगळे वैतागलेले. एकट्या अक्का खुशीत. "कसला आवाज येतो हो तुम्हाला?" मी विचारलं.

"कुर्रर्र येतं," त्या म्हणाल्या. "मग थांबतं. थांबलं की वाटतं, आता नाव येणार. कान देऊन बसते मी. नाव येत नाही. परत कुर्रर्र."

डॉक्टरांच्या रेघांचा कागद माझ्या पर्समध्ये होता, तो मी उगाच चाचपून पाहिला.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत सांगलीहून एस्टीडीवर फोन आला. आमच्याकडेच यायचा, मी धावत जाऊन अक्कांना बोलावलं. श्रीहरीला मुलगी झाली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन वेळा पोटातच गेलेलं. श्रीहरी फोनवर रडत होता. "अक्का, बाराव्या दिवशी बारसं. नाव तूच काढ, तूच ठेव. तू आलीस की मगच पाळण्याला हात लावायचा, असं ठरवलंय आम्ही." एकुलती एक आत्या. दुसरं कोण ठेवणार?

फोन ठेवला तेव्हा अक्का हसत होत्या. चार पावलं चालून ओट्यावर आल्या आणि हसू गेलं.

त्या दिवसापासून त्यांनी प्रवासाची जी धास्ती घेतली, ती बघून माझा जीव मेटाकुटीला आला. सांगली म्हणजे काय काशी? सकाळी बसलं की बेळगाव, चिकोडी, मिरज करत दुपारपर्यंत दारात. पण अक्कांची एकेक सुरुवात. बसमध्ये कानाला वारा लागला तर? निपाणीकडून जाते का बस? घाटात कान बंद झाले आणि आवाज आतच कोंडला तर? खिडकी डावीकडची मिळेल की उजवीकडची? पिशवी भरायच्या, परत उपसायच्या. बाळंतविड्याची लुगडी-झबली चारदा घडी घालून झाली. वेदश्री हे नाव एका कागदावर लिहून चंदनाच्या डबीत ठेवलं होतं. ती डबी काढून बघायच्या, मिटायच्या. अकराव्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दुपारी, म्हणाल्या, "मीनाक्षी, मला ताप आलाय. श्रीहरीला कळव."

मी कपाळाला हात लावला. गार. मग माझं टाळकं सटकलं.

"अक्का, लाज वाटते का? नऊ वर्षं वाट बघितली त्या पोरांनी. तुम्हाला बसची भीती वाटते म्हणून बाळाने बिननावाचं राहायचं?"

"बसची नाही गं," त्या म्हणाल्या.

"मग?"

ओट्यावर ऊन होतं, समोर कुणाचे पापड वाळत होते. मग डाव्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, "आत्यानं माझ्या कानात कुर्रर्र केलं आणि ती मोकळी झाली. बघितलंस की तू. तिच्याही कानात तिच्या आत्यानंच ठेवलं असणार. आता मी आत्या आहे. उद्या मी त्या लेकराच्या कानाला तोंड लावणार. बारा दिवसांचं आहे गं ते. त्याला सांगतासुद्धा येणार नाही कानात काय होतंय ते."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. त्यांचं सगळं बोलणं त्यांच्यापरीनं नीट जुळत होतं. पण मी विज्ञानाची मास्तरीण. मला वाटलं, हिच्या डोक्यातलं हे खूळ आत्ताच्या आत्ता उपटून काढलं पाहिजे.

"डॉक्टर काय म्हणाले? बाहेर काही नसतं. असतं तर दुसऱ्याला ऐकू आलं असतं. आणा तो कान इकडे."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझा उजवा कान त्यांच्या डाव्या कानाला चिकटवला. त्यांच्या केसांना तेलाचा वास येत होता. आधी काहीच नाही. मग माझ्याच रक्ताची सळसळ, तांब्या कानाला लावल्यावर येते तशी. ती मला माहीत होती, मुलांना शिकवायची मी.

आणि मग त्या सळसळीच्या मागून, काड्यापेटीत किडा कोंडल्यासारखं, बारीक, कोरडं, कुर्रर्र.

थांबलं. मी श्वास धरला. परत कुर्रर्र. परत थांबलं. त्या थांबण्यात कुणी तरी होतं. बोलायला तोंड उघडून थबकलेलं. मी कान बाजूला केला, गल्लीचे नेहमीचे आवाज आले. परत लावला. होतं.

"काय?" अक्कांनी विचारलं. डोळे मिटलेले होते. हात माझ्या हातात, घट्ट.

मी म्हणाले, "काही नाही. ठार शांत आहे."

का म्हणाले? पिशव्या भरून दारात होत्या. सांगलीत पाळणा टांगून झाला होता. मी इतका वेळ तोंड वर करून बोलले होते, आता ते मागे कसं घेणार? आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. घाबरलेलं माणूस खोटं बोलून आधी स्वतःला पांघरूण घालतं. अक्कांनी एक लांब श्वास सोडला. "देवाची शपथ?" म्हणाल्या. मी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघालो. मीही रजा टाकून बरोबर गेले. त्यांना एकटीला सोडायचा धीर मला होईना. खिडकी डावीकडचीच मिळाली, कानात कापूस, वरून रुमाल. इंजिनाच्या आवाजात अक्का छान होत्या, मला वेदश्री नावाचा अर्थ समजावून सांगत होत्या. चिकोडीला चहाला बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि त्यांचा हात रुमालावर गेला. मी खिडकीबाहेर बघितलं.

बारसं साग्रसंगीत झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची परात, आधी गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात घालून काढला, मग बाळ. बाळ किंचाळून रडत होतं. बायका अक्कांच्या मागे दाटीने उभ्या, कारण आत्याने नाव उच्चारलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात आणि त्याची सगळ्यांना घाई. अक्का वाकल्या. एकदा मान वर करून त्यांनी मला शोधलं. मी मान हलवली. करा, म्हणून.

त्यांनी बाळाच्या कानाला तोंड लावलं. "कुर्रर्र," म्हणाल्या, "वेदश्री."

धपाटे पडले, हशा उसळला, घुगऱ्या हातोहात गेल्या. मी पाळण्याकडे बघत होते. बाळ रडायचं थांबलं होतं. डोळे मोठे, मान किंचित डावीकडे कललेली. सगळ्या म्हणाल्या, बघा, आत्याचा आवाज ओळखला.

हात धुवायला अक्का मागच्या अंगणात आल्या. नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या. "मीनाक्षी," म्हणाल्या, "गेलं गं. किती शांत झालं."

मग चेहऱ्यावरचा रंग उतरला. "गेलं म्हणजे कुठं गेलं?"

"बसच्या हादऱ्याने नस सुटली असेल," मी म्हणाले. "होतं असं." असं काही होत नाही. मला चांगलं माहीत होतं.

त्या हळूहळू हसल्या. "खरं आहे. तू कान लावून बघितलंस म्हणून. तुला ऐकू आलं असतं तर मी आज नाव ठेवलंच नसतं बघ."

त्यानंतर अक्कांची नऊ वर्षं सुखाची गेली. टेबल परत वर्गाच्या मधोमध आलं. दोन हजार एकमध्ये निवृत्त झाल्या. गिरणीत महिन्यातून एकदा जायच्या आणि दळण झालं की लगेच परत. शंकर म्हणायचा, टीचर रागावल्या की काय माझ्यावर. वेदश्री दर मे महिन्यात यायची. गोड पोर, हसरी, बडबडी. मी तिच्यावर पाळत ठेवायची. तिने मान कलती केली की मी हातातलं काम टाकून बघत राहायची. पण मुलं मान कलती करतातच. तिला विचारायचं मी दर सुट्टीत ठरवायची आणि दर सुट्टीत आंब्याच्या अढीचं काही तरी काम काढून टाळायची. विचारलं नाही तोवर काही झालेलं नव्हतं.

दोन हजार सहाचा मे. वेदश्री नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने श्रीहरी तिला न्यायचा होता, तो हुबळीला कुणाला तरी भेटायला गेला होता. दुपारी मी आणि वेदश्री अक्कांच्या बाहेरच्या खोलीत. अक्का आत आंबे चिरत होत्या. पोरगी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती, डोक्यावर पंखा घरघरत होता. वीज गेली. त्या दिवसांत दुपारची जायचीच. पंखा फिरत फिरत थांबला आणि घरात एकदम सामसूम झाली.

वेदश्री उठून बसली. तिने मान डावीकडे कलवली आणि डाव्या कानावर तळवा ठेवला. अगदी अक्कांसारखा, बोटं केसांत, अंगठा जबड्याखाली. अक्कांचा हात शेवटचा कानावर गेला तेव्हा ही बारा दिवसांची होती. हे तिला दाखवलं कुणी?

"काय झालं गं?" माझ्या तोंडून गेलं.

"काही नाही काकू. पंखा बंद झाला की येतं ना, ते."

"काय येतं?"

"कुर्रर्र," ती सहज म्हणाली. "मग थांबतं ना, तेव्हा वाटतं कोणी तरी हाक मारणार. मी लहान असताना 'ओ' द्यायची. आता नाही देत." मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा गोंधळला. "सगळ्यांनाच येतं ना, काकू?"

वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात अक्का. हातात आंब्याच्या फोडींची बशी. पोरीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"तू ऐकलं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो, अक्का."

"शपथ घेतलीस."

"हो."

मला वाटलं, बशी फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, पदराला हात पुसले. म्हणाल्या, "नऊ वर्षं मी तुझ्या भरवशावर झोपले गं मीनाक्षी." एवढंच. मला आजही ते वाक्य दिवसातून एकदा तरी आठवतं आणि माझी लाज मलाच वाटते.

मग त्या पोरीसमोर मांडी घालून बसल्या. आवाज एकदम खेळकर केला. "वेदू, तुझं नाव कुणी ठेवलं?"

"तू."

"मग आता तू माझं ठेव. फिट्टंफाट. उद्या तू चाललीस, त्याआधी झालं पाहिजे."

"तुला आहे की नाव!"

"जुनं झालं ते. परत दे नवं करून. ये इथं. या कानात. आधी कुर्रर्र म्हणायचं, अगदी तुला येतं तसं, आणि मग माझं नाव."

मला ओरडावंसं वाटलं, नको म्हणून. पण कोणत्या तोंडाने नको म्हणणार होते? अक्कांनी डाव्या बाजूचे पांढरे केस मागे सारले, कधी काळी कापसाने बुजवलेला तो कान पुढे केला. साठी उलटलेली बाई आणि तिच्यावर वाकलेलं नऊ वर्षांचं पोर. वेदश्रीला हसू आवरेना. दोन्ही हातांचा द्रोण करून तिने तोंड लावलं.

"कुर्रर्र," ती म्हणाली, "कौसल्या."

आणि हसत मागे झाली. नाव ठेवणारीला धपाटा द्यायचा असतो, म्हणून मी कसाबसा तिच्या पाठीला हात लावला. पोरीचं हसणं मधेच थांबलं. तिने मान सरळ केली. छपराकडे बघितलं, बंद पंख्याकडे, दाराकडे, माझ्याकडे. डोळे असे झाले होते, जणू कुणी तिला कधी न पाहिलेली खोली उघडून दाखवली आहे.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "किती शांत झालं गं."

अक्कांनी तिला छातीशी धरलं. पोरीच्या खांद्यावरून मला त्यांचा तळवा दिसत होता, डाव्या कानावर, बोटं केसांत. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या रडत नव्हत्या. आंबा खा जा, म्हणून त्यांनी तिला सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फडताळातून ज्वारीचा डबा काढला.

"मीनाक्षी," त्या म्हणाल्या, "वीज आली की शंकर गिरणी लगेच सुरू करतो ना गं?"